अर्धी बाटली

त्या संध्याकाळची केस अगदीच किरकोळ होती. मोटरसायकलवरून घसरून खांदा निखळलेला एक किडकिडीत पोरगा, वजन जेमतेम ५० किलो. मी भूलतज्ज्ञ; मी प्रोपोफॉल हे भुलीचं औषध दिलं, हाडांच्या डॉक्टरांनी हात ओढून सांधा बसवला, ‘खट्’ असा तो ओळखीचा आवाज आला आणि थोड्याच वेळात पोरगा डोळे उघडून "कधी करणार?" म्हणून विचारायला लागला. बॅग आवरताना स्कोलीन, म्हणजे स्नायू सैल करायचं औषध, परत ठेवायला म्हणून मी ओटीतला फ्रिज उघडला, तर दाराच्या कप्प्यात माझीच मघाची अर्धी भरलेली सिरिंज. सुईला टोपण, वर चिकटपट्टी, पट्टीवर बॉलपेननं ‘पी’ आणि तारीख. शेजारी ऑक्सिटोसिनच्या अँप्यूल, अँटी-डीचं एक खोकं, आणि खालच्या कप्प्यात कुणाचा तरी दह्याचा डबा. मी सिरिंज काढली, उरलेलं औषध कापसाच्या बोळ्यावर सोडलं आणि बोळा पिवळ्या पिशवीत टाकला. सिस्टर बघत होत्या. रागावल्या नाहीत, वाद घातला नाही. एवढंच म्हणाल्या, "मॅडम, त्या पोरानं आख्ख्या बाटलीचे पैसे भरलेत हो. उद्या सकाळी एका बाईची पिशवी साफ करायची आहे, तिला झालं असतं."

मी काहीतरी तांत्रिक बोलले. उघडल्यावर सहा तासच, जंतू वगैरे. त्यांनी मान डोलावली, आणि ती मान पटल्याची नव्हती, मोठ्या माणसाच्या तोंडी लागू नये म्हणून डोलावलेली होती. खरं सांगायचं तर पैशाच्या बाबतीत त्यांचं बरोबरच होतं. प्रौढ माणसाला झोपवायला दर किलोला साधारण २ मिलिग्रॅम प्रोपोफॉल लागतं, एका मिलिलिटरमध्ये १० मिलिग्रॅम असतं. म्हणजे ५० किलोच्या त्या पोराला १० मिली. बाटली २० मिलीची. निम्मी त्याच्या शिरेत, निम्मी कापसावर. त्याचा बाप बाहेर बाकावर बसला होता, हातात मेडिकलची पावती घडी करून धरलेली. (उरलेलं औषध दुसऱ्या दिवशीच्या बाईला दिलं असतं तर तिच्या बिलातून अर्धी बाटली वजा झाली असती का? नाही हो. तिच्याही पावतीवर आख्खी बाटलीच आली असती. पण हा मुद्दा सिस्टरांचा नव्हे, काउंटरवरच्यांचा.)

ज्यांनी प्रोपोफॉल कधी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते: ते पांढरंशुभ्र असतं. दुधासारखं नव्हे, दूधच वाटावं इतकं. ओटीत आम्ही त्याला दूधच म्हणतो. "दूध भरलं का?" "दूध चालू करा." एरवी शिरेतून द्यायची बहुतेक औषधं पाण्यासारखी स्वच्छ असतात, म्हणून निवासी डॉक्टरांना पहिल्यांदा हे टोचताना जरा धस्स होतं. पांढरं शिरेत सोडायचं? रबरी बुचावर स्पिरिटचा बोळा फिरवायचा, तो वाळेपर्यंत थांबायचं, मग सुई खुपसून ओढायचं. ओढताना सिरिंजला आतून बारीक बुडबुडे चिकटून राहतात आणि चुकून ग्लोव्हजवर थेंब पडला तर तो चिकट वाळतो. पांढरेपणाचं कारण साधं आहे. मूळ औषध पाण्यात विरघळतच नाही. ते १० टक्के सोयाबीन तेलात मिसळायचं, तेल पाण्यात फुटू नये म्हणून अंड्याच्या बलकातलं लेसिथिन घालायचं, वर थोडं ग्लिसरॉल. अंडं, तेल आणि ग्लिसरॉल. सामू, म्हणजे पीएच, जवळपास रक्ताइतका, ना फार आंबट ना फार खारा. जंतूंच्या दृष्टीनं पाहिलं तर हे औषध नाहीच, जेवणाचं ताट आहे.

आमची आजी विरजण लावायची तेव्हा चमचाभर दही कधी घालायची नाही. चमचा दह्यात बुडवून वर काढायची, आणि चमच्याच्या पाठीला जे काही लागलेलं असेल तेवढंच कोमट दुधात फिरवायची. सकाळी पातेलं आडवं केलं तरी सांडायचं नाही. उघडलेल्या प्रोपोफॉलचं गणित याहून वेगळं नाही. सुईच्या टोकावर, बुचावर, दट्ट्याला लागलेल्या बोटावर जे असेल तेवढं पुरतं. सुरुवातीचे काही तास जंतू बिचकून असतात, नव्या घरात रुळतात; मग वाढायला लागतात. समजा तासाला दुप्पट झाले, तरी दहा तासांत एकाचे हजाराहून जास्त होतात. फ्रिजमध्ये ते सुस्तावतात, मरत नाहीत. आणि खरी फसगत पुढेच आहे. सलाइनमध्ये जंतू बेसुमार वाढले तर बाटली उजेडात धरल्यावर गढूळपणा दिसतो, आम्हाला शिकवतातही तसं, टोचण्याआधी उजेडात धरा. दुधात काय दिसणार? पांढऱ्यात पांढरं. लाखो जंतू झाले तरी सिरिंज सकाळी होती तशीच शुभ्र, वर ‘पी’ आणि कालची तारीख.

हे शहाणपण कुणाला प्रयोगशाळेत सुचलं नाही. ते माणसं आजारी पडून आलं.

प्रोपोफॉलची गोष्ट सुरू होते १९७३ साली, इंग्लंडात चेशायर परगण्यातल्या आयसीआय कंपनीच्या प्रयोगशाळेत. जॉन ग्लेन हा तिथला माणूस मुळात गुरांचा डॉक्टर, स्कॉटलंडचा. त्यानं संयुगांमागून संयुगं उंदरांना देऊन पाहिली. लवकर झोपवेल आणि लवकर, स्वच्छ डोक्यानं उठवेल असं त्याला हवं होतं. ते सापडलं, पण पाण्यात विरघळेना. पहिल्यांदा क्रेमोफोर नावाच्या द्रावकात घालून माणसांना दिलं, तर काहींना जीवघेणी ॲलर्जीसारखी प्रतिक्रिया यायला लागली. दुसरं कुठलंही औषध तिथेच अडगळीत गेलं असतं. ग्लेन चिकटून राहिला, तेला-अंड्याचा हा पांढरा मार्ग निघाला, आणि १९८६ मध्ये ब्रिटनमध्ये औषध बाजारात आलं. २०१८ साली त्याला वैद्यकातलं लास्कर पारितोषिक मिळालं, आणि ते मिळायलाच हवं होतं. आज जगभर रोज इतकी माणसं या औषधानं झोपतात आणि उठून "कधी करणार?" विचारतात, ती त्याच्या हट्टाची कमाई. ॲलर्जीवर जो उपाय सापडला त्याच उपायानं जंतूंना ताट वाढून ठेवलं, हे तेव्हा कुणाच्या डोक्यात ठळकपणे आलं नसावं. बाटली बंद असताना ती निर्जंतुकच असते. उघडल्यानंतरचा प्रश्न औषधाचा नव्हता, उघडणाऱ्यांचा होता.

अमेरिकेत ते १९८९ च्या अखेरीस आलं. १९९० च्या उन्हाळ्यापर्यंत कॅलिफोर्निया, इलिनॉय, मेन आणि मिशिगन या चार राज्यांतून विचित्र बातम्या यायला लागल्या होत्या. साध्यासुध्या, स्वच्छ शस्त्रक्रिया झालेल्या माणसांना त्यानंतर थंडी वाजून सणसणून ताप, रक्तात जंतू, जखमेत पू. तिथल्या रोगनियंत्रण संस्थेनं, म्हणजे सीडीसीनं, १९९० ते १९९३ या काळात सात रुग्णालयांतल्या साठहून अधिक रुग्णांचा मागोवा घेतला, आणि १९९५ मध्ये तो सगळा तपशील छापून आला. जंतूही एका जातीचे नव्हते. कुठे स्टॅफिलोकोकस, कुठे सेराशिया, कुठे कँडिडा ही बुरशी, कुठे मोराक्सेला, कुठे एंटरोबॅक्टर. कारखान्यातच बाटली नासली असती तर सगळीकडे एकच जंतू सापडला असता; इथे प्रत्येक गावाचा जंतू वेगळा, म्हणजे तो त्या त्या गावात शिरला होता. सर्जन, टाके, ड्रेसिंग, ऑटोक्लेव्ह (वाफेनं निर्जंतुक करायचं यंत्र), सगळं तपासून झाल्यावर सातही ठिकाणी एकच धागा उरला, प्रोपोफॉल. आणि मग ते भूल देणाऱ्यांच्या टेबलाकडे वळले. सकाळीच दिवसभराच्या सिरिंजा भरून ठेवलेल्या. एका रुग्णाची बाटली दुसऱ्याला. एकच सिरिंज पुन्हा पुन्हा. हातात ग्लोव्हज नाहीत. काही ठिकाणी रुग्णाच्या रक्तात जो जंतू, तोच भूल देणाऱ्याच्या अंगावर.

हा अहवाल मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मला त्या अमेरिकन डॉक्टरांचा राग आला नाही. ओळख पटली. कारण ही सगळी माणसं वाढली होती पेंटोथॉलवर, आणि मीसुद्धा.

पेंटोथॉल म्हणजे थायोपेंटोन. १९३४ पासून पन्नासेक वर्षं जगाला त्यानंच झोपवलं. पिवळसर भुकटी, डिस्टिल्ड वॉटर घालून हलवायची, झाकण उघडलं की लसणाचा वास. शिरेत गेलं की कित्येक पेशंट डोळे मिटतामिटता म्हणायचे, "तोंडात लसूण आल्यासारखं..." आणि वाक्य पुरं व्हायच्या आत झोपायचे. आमच्या सरकारी मेडिकल कॉलेजात सकाळी एक मोठी बाटली विरघळवायची आणि दिवसाच्या ऑपरेशनांची लिस्ट संपेपर्यंत त्यातूनच ओढायचं, हा शिरस्ता होता. कुणाला त्यात वावगं वाटत नसे, आणि त्या औषधानंही कधी वावगं होऊ दिलं नाही. त्याचा सामू १०.५ च्या आसपास, साबणाच्या पाण्यासारखं अल्कधर्मी. त्यात जंतू पडला तर वाढायचं लांबच, जगण्याचेच वांधे. केटामाइनचंही तसंच, त्याच्या १० मिलीच्या बाटलीत परिरक्षक घातलेलं असतं, ती अनेकदा ओढण्यासाठीच बनवलेली असते. बधीर करायची औषधं, लिग्नोकेन वगैरे, तीही जंतूंना थोडीफार आवरतात. म्हणजे दोन-तीन पिढ्या आम्ही अशा औषधांच्या संगतीत वाढलो ज्यांनी आमच्या सगळ्या सवयी पोटात घातल्या. आम्हाला वाटलं, आपण स्वच्छ काम करतो. काम औषध करत होतं. मग एक दिवस टेबलावर पांढरी बाटली आली, आणि तिनं काहीच पोटात घातलं नाही.

त्या सवयींना नुसतं गबाळेपण म्हणायला माझी जीभ रेटत नाही. त्या कॉलेजात दुपारी ओटीच्या मागच्या व्हरांड्यात दोरीवर ग्लोव्हज वाळत घातलेले असायचे, पिवळट, बोटं खाली लोंबणारी, ओळीनं. आधी धुवायचे, मग पाणी भरून दाबून बघायचं कुठे भोक आहे का, भोक असलेला बाजूला, उरलेले वाळवून, आतून पावडर मारून, जोड्या लावून ऑटोक्लेव्हला. काचेच्या सिरिंजा उकळायच्या. प्रत्येक दट्ट्यावर नंबर, कारण एकीचा दट्ट्या दुसरीत बसत नसे. सुयांना दगडावर धार लावणारे एक वॉर्डबॉयमामा होते, धार लावून झाली की सुई कापसावरून फिरवायचे, धागा अडकला तर पुन्हा दगडावर. हे सगळं करणारी माणसं अडाणी नव्हती, बेफिकीर तर मुळीच नव्हती. ती काटकसर शिस्तीची होती आणि तिच्यामुळेच बिनपैशाच्या माणसांची ऑपरेशनं झाली. ज्या सिस्टरांनी त्या संध्याकाळी सिरिंजवर ‘पी’ लिहिला त्या याच शाळेतल्या. त्यांच्याइतकं काळजीनं बोळे मोजणारं माणूस मी पाहिलेलं नाही. तीनदा मोजतात, सर्जन चिडला तरी. त्यांनी औषध फेकलं नाही कारण वस्तू फेकणं हा त्यांच्या लेखी गुन्हा आहे. माझ्याही घरात दुधाचं पातेलं विसळून ते पाणी चहात जातं. टाकणं या गोष्टीची जी लाज आपल्या अंगात मुरलेली आहे ती प्रोपोफॉलच्या बाटलीपाशी येऊन एकाएकी कशी सोडायची?

आणि तरीही सोडावी लागते.

त्यात आमच्या जमातीचा एक खास दोष आहे, तो इतरांना सहसा दिसत नाही. सर्जन कोपरापर्यंत हात घासतो, मिनिटं मोजून. मग गाउन, मग ग्लोव्हज, मग दोन्ही हात छातीशी धरून असा आत येतो की कुणी वाटेत येऊ नये. त्याच खोलीत पेशंटच्या डोक्याशी उभी असलेली मी काय करते? मास्क धरते, हनुवटी उचलते, तोंडात लॅरिंगोस्कोप घालते, लाळ लागलेल्या हातानं नळी घालते, फुगवते, मशीनची बटणं फिरवते, पेननं चार्ट लिहिते, सर्जनच्या खिशातला मोबाइल वाजला तर तोसुद्धा काढून त्याच्या कानाला लावते. आणि मधेच त्याच हातानं सिरिंज उचलून थ्री-वेमधून, म्हणजे सलाइनच्या नळीवरच्या तीन तोंडांच्या तोटीतून, औषध सोडते. कातडीवरची जखम राखण्यासाठी एवढा सोहळा, आणि सरळ रक्तात जाणाऱ्या वाटेवर पहारा कुणाचाच नाही. सिरिंजचा दट्ट्या मागे ओढताना त्याच्या दांड्याला बोटं लागतात. पुढे ढकलला की तोच दांडा नळीच्या आत जातो, पुन्हा औषध ओढलं की ते त्याच भिंतीला लागतं. थ्री-वेच्या पोकळीत पांढरा थेंब अडकून राहतो, तो कुणी धुऊन काढत नाही, आणि पेशंट वॉर्डात गेला तरी तो थेंब त्याच्यासोबत वॉर्डात जातो. त्या थेंबानंतर सलाइननं वाट धुऊन काढणं, हे दहा सेकंदांचं काम आहे. पण दहा सेकंद म्हटलं की ते नेमके राहून जातात.

काही वर्षांपूर्वी एका छोट्या हॉस्पिटलात, नाव कशाला हवं, एकाच दिवशी लहानसहान प्रोसीजर झालेल्या दोन-तीन पेशंटना रात्री हुडहुडी भरली. ताप १०३, दात वाजतायत, नातेवाईक घाबरलेले. दुसऱ्या दिवशी काय झालं असेल हे आपल्याकडच्या कुठल्याही ओटीतला माणूस सांगेल. ओटी बंद. फॉर्मॅलिनचं फ्युमिगेशन, दारांच्या फटींना चिकटपट्ट्या, दोन दिवस डोळे चुरचुरणारा तो वास. भिंतींचे, टेबलाचे, दिव्याचे, एसीच्या जाळीचे स्वॅब लॅबला. सगळे निगेटिव्ह. सलाइनची बॅच बदलली, डीलरला शिव्या घातल्या, एसीवाल्याला बोलावलं. चहा घेताना मी तिथल्या मित्राला विचारलं, त्या दिवशीचं दूध कधी भरलं होतं? तो कप खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "भरलेलंच होतं." त्या सिरिंजा केव्हाच कचऱ्याच्या गाडीतून गेल्या होत्या, त्यामुळे पुरावा कसलाच नाही, आणि कदाचित कारण दुसरंच असेल. पेशंट अँटिबायोटिकवर बरे झाले. पण भिंतीला स्वॅब लागतो, सिरिंजला लागत नाही, ही गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. भिंत कुणाच्या शिरेत टोचलेली नसते.

औषध बनवणाऱ्यांनीही आपल्या परीनं हातपाय हलवले. १९९६ पासून अमेरिकेतल्या मूळ ब्रँडमध्ये ०.००५ टक्के ईडीटीए घालायला सुरुवात झाली. हे तेच ईडीटीए, सीबीसीसाठी रक्त घेतात त्या जांभळ्या टोपणाच्या नळीतलं. जंतूंना लागणारे धातूंचे कण ते बांधून ठेवतं, त्यामुळे वाढ मंदावते. मंदावते, थांबत नाही. दावाही एवढाच की २४ तासांत दहापटीपेक्षा जास्त वाढ होऊ नये. पुढे कुणी सल्फाइट घातलं, कुणी बेंझिल अल्कोहोल. आपल्याकडे मिळणाऱ्या बाटल्यांत असं काही घातलेलं असेलच असं नाही, आणि ते बघायचं तर खोक्यावरची मुंगीच्या डोळ्यांइतकी अक्षरं वाचावी लागतात. ती अक्षरं कुठल्याही ब्रँडची असोत, सांगतात तेच: एका बाटलीतून एकच रुग्ण, काटेकोर निर्जंतुक हाताळणी, उघडल्यावर सहा किंवा बारा तासांच्या आत उरलेलं टाका. मी निवासी डॉक्टरांना सांगते की त्या सहा तासांवर विसंबू नका; केस संपली, सिरिंज संपली.

एवढं सांगूनही माणूस बाटली का राखून ठेवतो, याचं सगळ्यात भीषण उदाहरण लास व्हेगासचं. फेब्रुवारी २००८ मध्ये तिथल्या आरोग्य खात्यानं ४०,००० लोकांना पत्रं पाठवली, की एका एंडोस्कोपी सेंटरमध्ये तुमची तपासणी झाली असेल तर हिपॅटायटिस आणि एचआयव्हीची रक्तचाचणी करून घ्या. तिथे प्रोपोफॉलच्या एकाच रुग्णासाठी असलेल्या बाटल्या पुढच्या रुग्णाला वापरत होते. पहिल्या डोसला नवी सिरिंज, पण त्याच रुग्णाला आणखी थोडं लागलं की सुई बदलून तीच सिरिंज पुन्हा बाटलीत. सिरिंजमध्ये मागे ओढलं गेलेलं रक्त बाटलीत, बाटली पुढच्या माणसाला. इथे दुधात काही वाढत नव्हतं. हिपॅटायटिस सीचा विषाणू जिवंत पेशीबाहेर वाढतच नाही, त्याला फक्त वाहन हवं होतं. पण मूळ पाप तेच, उरलेलं राखणं. आणि ती काही सिस्टरांची काटकसर नव्हती. दिवसाला डझनावारी कोलोनोस्कोप्या, म्हणजे दुर्बिणीनं मोठ्या आतड्याच्या तपासण्या, उरकणाऱ्या, पैशानं तुडुंब असलेल्या सेंटरची ती चिंगूसगिरी होती. मालक डॉक्टरला २०१३ मध्ये खुनाच्या आरोपाखाली जन्मठेप झाली. काटकसर आणि चिंगूसगिरी बाटलीपाशी येईपर्यंत दोन वेगवेगळ्या रस्त्यांनी येतात, बाटलीतून पुढे मात्र एकाच सुईतून जातात.

या खटल्यांच्या गदारोळात एक गोष्ट झाली तिच्याकडे फार कुणाचं लक्ष गेलं नाही. २०१० मध्ये तिथल्याच एका ज्युरीनं औषध बनवणाऱ्या आणि विकणाऱ्या कंपन्यांवर ५० कोटी डॉलरचा दंडात्मक भुर्दंड ठोठावला. पुढे कंपन्यांनी तडजोड केली. फिर्यादीचं म्हणणं असं, की कोलोनोस्कोपीला औषध थोडंसंच लागतं हे तुम्हाला ठाऊक होतं. अशा ठिकाणी तुम्ही ५० मिलीची बाटली विकलीतच का? एवढी मोठी बाटली हातात दिली की माणूस उरलेलं वापरणार, हे तुम्हाला कळायला नको? कायद्याच्या अंगानं हा युक्तिवाद कितपत टिकतो यावर वकील भांडोत. मला तो वाचताना पहिल्यांदा वाटलं की हे कुणीतरी ओटीत उभं राहून पाहिलेल्या माणसानं सांगितलंय. आपण भिंतींवर नियम चिकटवतो, कार्यशाळा घेतो, सिस्टरांना रागावतो, आणि त्यांच्या हातात अशी बाटली देतो जिच्यातलं निम्मं फेकलं तरच काम चोख. रोज, प्रत्येक केसला, त्यांच्या डोळ्यांदेखत. ज्या बाईचं आख्खं आयुष्य काही वाया जाऊ न देण्यात गेलं तिच्याकडून हे करून घ्यायचं असेल तर मी कितीही वेळा ‘जंतू’ म्हटलं तरी ती मानच डोलावणार.

म्हणून सध्या मी जंतू सोडून बाटलीच्या मागे लागले आहे. प्रोपोफॉल १० मिलीच्या बाटलीतही मिळतं. निदान कागदावर मिळतं. आमच्या सांगली-मिरजेच्या पट्ट्यातल्या औषधवाल्याला विचारलं तर तो हसला. "मॅडम, दहाची चालत नाही. वीसची घेतात सगळे. दहाची मिलीमागं महाग पडते." मी म्हटलं, महाग कशी, विसातलं निम्मं आम्ही फेकतो. तो म्हणाला, "फेकता?" आणि त्याच्या आवाजात जे आश्चर्य होतं त्यावरून बाकीच्या ठिकाणी काय चालतं ते मला न विचारता समजलं. तुझे बाकीचे गिऱ्हाईक फेकत नाहीत का, असं मी विचारणार होते, पण ऑर्डर द्यायची होती, त्याच्याशी बिघडवून चालणार नव्हतं. शेवटी आम्ही काही भूलतज्ज्ञांनी मिळून आख्खं खोकं घ्यायचं ठरवलं. त्याची अट अशी की एक्स्पायरी जवळ आली तरी माल परत घेणार नाही, उरला तर तुमचा तुम्ही बघा. व्हॉट्सॲपवर यावरून दोन दिवस चर्चा झाली. एकजण म्हणाला, आधीच पेशंट बिलावरून भांडतात. दुसऱ्यानं विचारलं, नव्वद किलोचा माणूस आला की दोन बाटल्या फोडायच्या का? हो, दोन फोडायच्या, तेव्हाही दुसरीतलं थोडं उरेल, आणि तेही फेकायचं. तिसरी, आमच्यातली सगळ्यात धाकटी, तिनं काहीच न लिहिता आपल्या वाट्याचे पैसे पाठवून दिले. खोकं अजून यायचंय. औषधवाला म्हणतो पुण्याहून मागवलंय, सोमवारी येईल. कुठला सोमवार ते तो सांगत नाही.